मध्ययुगीन इंग्रज पॅरिश चर्चची वास्तुरचना आणि मुंबईचे अफगाण चर्च : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण भागात, नेव्हीनगरच्या परिसरात, 'चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट' ही वास्तू उभी आहे. लोकांच्या तोंडी ती 'अफगाण चर्च' या नावानेच रूढ आहे. पहिले अफगाण युद्ध आणि त्यापाठोपाठची सिंधची मोहीम यांत मरण पावलेल्यांचे स्मारक म्हणून ती बांधण्यात आली. ४ डिसेंबर १८४७ रोजी कामास प्रारंभ झाला. ७ जानेवारी १८५८ रोजी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील उठाव अद्याप शमलेला नसताना, बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचा पवित्रीकरण विधी झाला. मनोरा मात्र अपुराच राहिला होता. कावसजी जहांगीर या पारशी दानशूर गृहस्थांच्या देणगीचे साहाय्य लाभल्यावर तो १८६५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. त्याची उंची १९८ फूट आहे.

मुंबईच्या वास्तुवैभवाविषयीच्या लेखनात या चर्चची संभावना बहुधा 'गॉथिक' या एका शब्दात होते आणि ते व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), राजाबाई टॉवर यांच्या पंक्तीत नेऊन बसवले जाते. हे वर्गीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. नंतरच्या त्या सार्वजनिक इमारतींत व्हेनिस, फ्रान्स व हिंदुस्थान येथील घटकांचे मिश्रण आहे. अफगाण चर्चचा आदर्श त्याहून नेमका होता. तेराव्या शतकातील इंग्लंडच्या खेड्यात उभे राहिलेले पॅरिश चर्च, हा तो आदर्श. त्यामुळे या वास्तूचा अर्थ तिच्या टोकदार कमानींत जितका आहे, त्याहून अधिक तिच्या आराखड्यात आहे. आराखड्यातील कोणता भाग कोणाचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय तेथील स्मृतिलेखाचा अर्थही पुरता लागत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

पॅरिश चर्च : दोन भागांची वास्तू

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गाव किंवा वस्ती. या वस्तीतील शेतकऱ्याने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, चर्चला द्यावयाचा असे. त्या मोबदल्यात बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी आणि दफनाची जागा यांवर त्याचा हक्क असे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या दोन शतकांत ही व्यवस्था इंग्लंडभर घट्ट झाली आणि बहुतेक गावांत दगडी चर्च उभे राहिले.

या चर्चचे मूळ रूप अत्यंत साधे होते. पश्चिमेकडे लोकांनी उभे राहण्याचे लांबट दालन, त्यास नेव्ह म्हणतात. पूर्वेकडे त्याहून अरुंद व ठेंगणे असे दुसरे दालन, ते चान्सेल. चान्सेलच्या पूर्व टोकाला वेदी. दोहोंच्या मध्ये एक कमान. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड नेव्हच्या पश्चिम भागात, दाराजवळ ठेवीत, कारण बाप्तिस्मा हा धर्मसमूहात प्रवेश होय. मराठी वाचकास येथे सभामंडप आणि गाभारा यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चिंचवड येथील मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचे बांधकाम शके १५८० मध्ये सुरू झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. त्या साध्या, बैठ्या वास्तूतही पुढे मंडप व आत गाभारा हीच विभागणी आहे. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. गाभारा हे देवतेचे निवासस्थान असते. चान्सेल हे विधीचे स्थान आहे आणि त्याचा अधिकारी धर्मगुरू असतो.

ही विभागणी केवळ धार्मिक नव्हती, आर्थिकही होती. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये असा दंडक रूढ झाला की चान्सेलची दुरुस्ती रेक्टरने, म्हणजे मुख्य दशमांश घेणाऱ्याने करावी आणि नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांनी. एकाच छपराखाली दोन मालक नांदू लागले. अनेक जुन्या चर्चमध्ये नेव्ह भव्य व नवा आणि चान्सेल मात्र जुनाट, किंवा याच्या नेमके उलट दृश्य दिसते, त्याचे कारण शैलीच्या इतिहासात शोधून सापडत नाही. ते खर्च कोणी करावयाचा या वाटणीत आहे. हा दंडक इतका चिवट ठरला की रेक्टरची जमीन पुढे ज्यांच्याकडे गेली त्यांच्यावर चान्सेल-दुरुस्तीचे दायित्व येते की नाही, या प्रश्नावर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सला २००३ मध्येही निर्णय द्यावा लागला.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या देहरक्तात रूपांतर होते, हा सिद्धान्त निश्चित केला. प्रत्येक ख्रिश्चनाने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करून प्रसाद घ्यावा, असाही नियम झाला. वेदीवरील विधीचे महत्त्व वाढले, तसे चान्सेल लांब होत गेले. याच काळात जाड भिंती व अर्धगोल कमानी मागे पडून टोकदार कमानी आणि भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, उंच खिडक्या आल्या. १८१७ मध्ये टॉमस रिकमन याने या शैलीला 'अर्ली इंग्लिश' असे नाव दिले. तिच्यापुढील दोन टप्प्यांना त्याने 'डेकोरेटेड' आणि 'पर्पेंडिक्युलर' म्हटले. ही नावे आजही वापरात आहेत. मध्ययुगातील गवंड्यांना अर्थात त्यांचा पत्ता नव्हता.

नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधील कमानीत लाकडी कोरीव पडदी असे. तिच्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती उभारलेली असल्याने तिला रूड पडदी म्हणत. लोक पडदीच्या जाळीतून आत चाललेला विधी पाहत. पडदीच्या अलीकडचा नेव्ह मात्र पूर्णपणे गावाचा होता. तेथे सभा भरत, तंटे मिटवले जात. चर्चच्या दुरुस्तीसाठी गावकरी 'चर्च एल' नावाचा उत्सव करीत. त्यात बिअर गाळून विकायची आणि नफा छपरावर खर्च करायचा, असा सरळ हिशोब असे. आपल्याकडील जत्रेच्या वर्गणीशी परिचित असलेल्यांना यात नवल वाटू नये.

१३४८-४९ च्या प्लेगच्या साथीत इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या मरण पावली. परंतु त्यानंतरच्या दीड शतकात लोकर आणि कापडाच्या व्यापारातून पूर्व इंग्लंडमधील काही गावे अतिशय संपन्न झाली. सफोकमधील लॅव्हनहॅमच्या चर्चचा १४१ फुटी मनोरा हा तेथील सरदार आणि कापड-व्यापारी यांच्या पैशातून उभा राहिला.

मृतांची नावे

या काळातील एका प्रथेकडे वास्तूच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले दिसत नाही. सफोकमध्येच लाँग मेलफर्ड येथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले चर्च आहे. त्याच्या बाह्य भिंतींवर दगडात अक्षरे बसवून देणगीदारांची नावे लिहिली आहेत आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी, अशी वाचणाऱ्यास विनंती केली आहे. हे सर्व धनिक होत. परंतु ज्यांची नावे दगडात कोरली जाण्याजोगी ऐपत नव्हती, त्यांच्यासाठीही एक सोय होती. प्रत्येक पॅरिशमध्ये 'बीड-रोल' नावाची मृतांची यादी ठेवीत. चर्चला एखादे भांडे, मेणबत्ती किंवा थोडेसे पैसे दिलेल्या माणसाचेही नाव तिच्यात येऊ शके आणि वर्षातून एकदा ती यादी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली जाई. एमन डफी यांच्या १९९२ च्या 'द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स' या ग्रंथाने या प्रथेचे महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानात आणून दिले. पॅरिश म्हणजे जिवंत आणि मृत यांचा मिळून एक समाज, ही कल्पना तिच्यामागे होती. नाव वाचले जाणे म्हणजे त्या समाजात राहणे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या कल्पनेवरच घाव घातला. मृतांसाठी प्रार्थना करणे ही अंधश्रद्धा ठरली. १५४७ च्या कायद्याने त्यासाठीच्या देणग्या जप्त झाल्या. रूड मूर्ती उतरवल्या, भित्तिचित्रांवर चुना फासला. नावे भिंतींवर येतच राहिली, परंतु त्यांचे प्रयोजन पालटले. आता ती प्रार्थनेची याचना करीत नव्हती. मृताचे कुळ, पद आणि सद्गुण यांची नोंद करीत होती. त्यासाठी अर्थातच कुळ आणि पद असावे लागे.

मध्ययुगाकडे परत

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज चर्चचे रूप बदलले. प्रवचन ऐकू येणे महत्त्वाचे झाल्याने एकसंध, उजेडाचे, सभागृहासारखे दालन पसंत पडू लागले. जेम्स गिब्स याने लंडनमध्ये बांधलेले 'सेंट मार्टिन इन द फील्ड्स' (१७२६) हा त्याचा नमुना. गिब्सने आपल्या पुस्तकात नकाशे छापल्यामुळे तो वसाहतींत सर्वत्र पोहोचला. कोलकात्याचे सेंट जॉन चर्च आणि चेन्नईचे सेंट अँड्र्यू चर्च हे त्याचेच वंशज होत.

१८३९ मध्ये केंब्रिज येथे 'केंब्रिज कॅम्डेन सोसायटी' स्थापन झाली. जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब हे तिचे प्रमुख. पुढे 'इक्लिजिऑलॉजिकल सोसायटी' हे नाव धारण केलेल्या या संस्थेचे म्हणणे असे की चर्च हे सभागृह नव्हे. मध्ययुगीन पॅरिश चर्चचा आराखडा, त्यातही खोल व वेगळा चान्सेल, हाच ख्रिस्ती उपासनेला साजेसा एकमेव आराखडा होय. विद्यापीठातील काही तरुणांनी काढलेल्या मंडळाने अवघ्या काही वर्षांत एका साम्राज्याच्या चर्च-बांधणीचे नियम ठरवावेत, हे आश्चर्यकारक असले तरी खरे आहे. संस्थेने वसाहतींसाठी शिफारस केलेला नमुना केंब्रिजशायरमधील लाँगस्टँटन या खेड्यातील, सुमारे १२३० च्या एका लहानशा चर्चचा होता. त्याच्या मोजमापांवरून अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८४६ मध्ये हुबेहूब चर्च बांधावयास घेतले गेले. उष्ण हवामानाचा प्रश्न संस्थेपुढे आलाच. उष्ण कटिबंधात टोकदार शैली कशी वापरावी, यावर वेब यांनी १८४५ मध्ये निबंध लिहिला. जाड भिंती, लहान खिडक्या, आत गारवा व अंधार, असा त्यांचा विचार होता. आराखडा मात्र बदलावयाचा नव्हता.

कुलाब्यावरील पॅरिश

या पार्श्वभूमीवर अफगाण चर्चकडे पाहिले पाहिजे. त्याचा आराखडा हेन्री कॉनिबेअर या शहर अभियंत्याने केला. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाच्या योजनेशीही त्याचेच नाव निगडित आहे. जमीन सरकारने दिली, ती एका अटीवर : मनोरा इतका उंच असावा की बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसावा. इंग्लंडच्या खेड्यात मनोरा हा शेतात काम करणाऱ्यांना वेळ सांगणाऱ्या घंटेसाठी असे. कुलाब्यावर त्याला दीपस्तंभाचे अर्धे काम मिळाले.

पिवळसर बेसाल्ट आणि चुनखडक यांच्या भिंती, पन्नास फूट उंचीचा नेव्ह, दोन्ही बाजूंस पार्श्वदालने, रुंद टोकदार कमानी, आणि पूर्वेस स्वतंत्र, खोल चान्सेल. पूर्व व पश्चिम खिडक्यांतील रंगीत काचचित्रे विल्यम वेल्स याची, तर इंग्लंडहून आणलेल्या फरशांची भौमितिक रचना विल्यम बटरफील्ड या सोसायटीच्या अत्यंत आवडत्या वास्तुविशारदाची. १९०४ मध्ये टेलर यांच्या ओतशाळेतून आठ घंटा आल्या. कारागिरीचा दर्जा निःसंशय उच्च आहे. टीकाकारांनी या वास्तूला परकी म्हटले ते खरेच आहे, परंतु तिच्यात एक शिस्त आहे आणि मुंबईच्या नंतरच्या अनेक दिखाऊ इमारतींना ती साधलेली नाही.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. मध्ययुगीन चर्च चारशे वर्षांत, तुकड्यातुकड्याने, गावाच्या गरजेप्रमाणे वाढले. कुलाब्याला गाव नव्हते, छावणी होती. दशमांश देणारा शेतकरी नव्हता, नेव्हच्या छपरासाठी बिअर गाळणारे गावकरी नव्हते. सैनिक येत, दोन-तीन वर्षे राहत, आणि बदलून जात किंवा मरत. सुमारे ५,६५,००० रुपये खर्चून पॅरिश चर्चचे शरीर उभे केले गेले, परंतु त्यात राहावयाचे पॅरिश तेथे नव्हते. त्याची जागा मृतांनी घेतली.

चर्चमधील स्मृतिलेखाचा आशय असा : सिंध व अफगाणिस्तानातील १८३८ ते १८४३ च्या मोहिमांत रोगाने वा तलवारीने मरण पावलेले अधिकारी, ज्यांची नावे चान्सेलच्या भिंतींवर लिहिलेली आहेत, आणि ज्यांची संख्या फार मोठी असल्याने तशी नोंद करता आली नाही असे कनिष्ठ अंमलदार व शिपाई, यांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले आहे. हा लेख सुटा वाचला तर त्यात प्रामाणिकपणा दिसतो. रोगाचा उल्लेख तलवारीच्या आधी येतो, हेही त्या मोहिमांच्या वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु तो आराखड्यासह वाचला की वेगळा अर्थ निघतो. मध्ययुगात चान्सेल हा अधिकाऱ्याचा आणि नेव्ह हा लोकांचा भाग होता. कुलाब्यात हीच रेषा मृतांमध्ये ओढली गेली. अधिकारी नावानिशी चान्सेलमध्ये गेले. उरलेल्यांना नेव्हमध्येही जागा मिळाली नाही. त्यांच्यासाठी संख्येचे कारण देण्यात आले. बीड-रोल ठेवणाऱ्या गरीब खेड्यांनी हे कारण कधी दिले नव्हते. सोसायटीने मध्ययुगाची कमान आणली, चान्सेल आणला, पण यादी आणली नाही. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये तिला जागाच उरलेली नव्हती.

'शिपाई' या शब्दात कोण येते, हा यापुढचा प्रश्न. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या सुमारे साडेचार हजार सैन्यात युरोपीय सातशेच्या आसपास होते. बाकी हिंदी, आणि बरोबर सुमारे बारा हजार नोकर, हमाल, बायकामुले. ते सैन्य मुख्यतः बंगालचे होते. मुंबईच्या फौजेचा वाटा सिंधमार्गे गेलेल्या तुकडीत आणि नंतर सिंधमध्ये होता. १८३९ च्या गझनीच्या मोहिमेत, १८१७ च्या पुणे तहान्वये उभारलेले पूना हॉर्स होते. १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथे मुंबईच्या ५ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी महिनोन्‌महिने वेढा सोसला. १७ फेब्रुवारी १८४३ च्या मियाणीच्या लढाईत मुंबईच्या १२ व्या व २५ व्या नेटिव्ह इन्फंट्री होत्या. या पलटणींत कोकण व देशावरचे लोक मोठ्या प्रमाणात भरती होत. स्मृतिलेखात सुभेदार, जमादार या हिंदी अधिकारपदांचा वेगळा निर्देश नाही. हिंदू वा मुसलमान शिपायाचे नाव ख्रिस्ती वेदीजवळ कसे लिहावे, ही अडचण खरी मानली, तरी ती स्मारक म्हणून चर्च निवडल्यामुळे निर्माण झालेली अडचण आहे.

कोरेगावचा स्तंभ

हे त्या काळाला धरूनच होते, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही, कारण याच मुंबई फौजेचे याहून जुने एक स्मारक पुणे जिल्ह्यात आहे. चाकणहून शिक्रापूरला गेल्यावर पुण्याच्या दिशेने थोड्या अंतरावर भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर, २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजीबरोबर मराठीतही लेख आहे. तेथे मृत शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत 'नाक' प्रत्ययान्त महार नावांची संख्या लक्षणीय आहे. मृतांचा आकडा तुलनेने लहान होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही हे स्मारक उघड्या शेतातील स्तंभाचे आहे. त्याला पूर्व-पश्चिम नाही, आत-बाहेर नाही, नेव्ह-चान्सेल नाही. स्तंभाच्या दगडावर शिपाई आणि अधिकारी यांच्यामध्ये कमान उभी करण्याचा प्रश्न येत नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांनी कुलाब्यावर त्याच फौजेच्या मृतांसाठी वास्तू निवडताना कमान असलेली वास्तू निवडली गेली.

पुण्यातील पंचहौद मिशनच्या चर्चचा येथे ओझरता उल्लेख आवश्यक आहे. १८९० च्या चहा-प्रकरणामुळे हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. १८८५ मध्ये उभे राहिलेले हे चर्च छावणीसाठी नव्हते, स्थानिक ख्रिस्ती समाजासाठी होते. त्याचा घंटामनोरा चर्चपासून सुटा, इटालियन धर्तीचा आहे. तेराव्या शतकातील इंग्लंडचे खेडे तेथे कोणी शोधले नाही. मराठी उपासना, जवळपास राहणारी कुटुंबे आणि त्यांची लग्ने-बाप्तिस्मे यांच्यामुळे पॅरिश या शब्दाचा मूळ अर्थ या चर्चला अधिक लागू पडतो. अफगाण चर्चमध्ये चान्सेलच्या भिंतींवरील नावे १८५८ नंतरच्या प्रत्येक पिढीला वाचता येत आली आहेत. बाकीच्यांची नावे, जी काही टिकली असतील ती, पलटणींच्या हजेरीपटांत आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांत आहेत.